जिता दगड

झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचून खरबरीत करून घ्यायला चांगुणाबाईला घरी बोलावलं, की ती आधी हत्यारं काढत नाही. पिशवी उंबऱ्याशी ठेवते, पाटा भिंतीला तिरका उभा करायला सांगते आणि छिन्नीच्या बुडाने त्याला एकदाच, दार वाजवावं तसं हलकं वाजवते. मग मान कलती करून ऐकते. घरातली बाई तोवर गप्प उभी असते, डॉक्टरने छातीला नळी लावल्यावर उभं राहावं तशी. पाटा ठण्ण बोलला तर चांगुणाबाई म्हणते, "जिता हाय." भद्द बोलला तर म्हणते, "मेलाय बाई हा. टाकी लावून उपेग न्हाई. चटणीतून माती खासान."

जाफराबादेत आणि आसपासच्या गावांत मिक्सर घरोघरी आले, तरी ठेच्याला आणि पुरणाला पाटा लागतोच, त्यामुळे तिचं काम पार बंद पडलेलं नाही. साठीकडे झुकलेली, काटक बाई. बोटांची पेरं दगडाच्या कणांनी कायमची करडी झालेली. कामात असताना तिचे ओठ मधूनच हलतात. बायका एकमेकींना खुणावतात, "बघ, दगडाशी बोलून राह्यली." तीही हसते. पण ती दगडाशी बोलत नसते.

जित्या-मेल्या दगडाची पारख तिला बापाने शिकवली. बाप जाती, पाटे, देवळाच्या पायऱ्या घडवायचा. पोर सात-आठ वर्षांची असताना तो तिला दोन दगडांमध्ये बसवून म्हणायचा, "डोळे मीट. जिता दगड हुंकारा देतो. मेलेला नुसतं ऐकून घेतो."

पुढे तिचं लग्न धर्मराजशी झालं. धर्मराज आणि त्याचा धाकटा भाऊ तातेराव विहिरी खोदायची कामं घेत. आपल्याकडे विहिरीत वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरुमाखाली खडक. खडक लागेपर्यंत विहिरीच्या कडा बांधून काढाव्या लागतात, नाहीतर ढासळतात. खडक लागला की बांधकाम त्याच्यावर टेकवायचं आणि खाली निर्धास्त उतरायचं. म्हणजे खरा प्रश्न एकच, खडक लागला की नाही. धर्मराजने तो प्रश्न बायकोच्या कानावर सोपवला होता. पाण्याची पूजा होईपर्यंत बाईने विहिरीत उतरू नये, असं म्हातारी माणसं म्हणायची. धर्मराज ऐकायचा नाही. तिला क्रेनच्या बादलीत बसवून खाली सोडायचा. ती कडेला छिन्नी वाजवायची आणि तो तळातून ओरडून विचारायचा, "काय म्हणतोय गं?"

वर उभे असलेले लोक हसायचे. "धर्मराज दगडाला इचारतो काय म्हणतोय. बायकोला इचारलं का कधी?"

"तिला काहून इचारू? ती न इचारताच बोलती," धर्मराज खालून म्हणायचा.

वीस-बावीस वर्षं असं चाललं. एकदाही तिचा कान चुकला नाही.

अकरा वर्षांपूर्वी रामरावांच्या शेतात विहीर चालू होती. तीन परस, म्हणजे हात वर केलेली तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं खोल गेल्यावर पूर्वेच्या अंगाला मुरुमात काळंभोर तोंड दिसलं. चांगली बैलगाडीएवढी रुंद शिळा. बादलीतून उतरून चांगुणाबाईने छिन्नी वाजवली. शिळा अशी बोलली, की तिच्या मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. देवळातल्या घंटेला असा आवाज नसतो.

"काय म्हणतोय गं?"

"जिता हाय. लागला खडक."

म्हणून पूर्वेची कड न बांधता खाली खोदायचं ठरलं. चार दिवसांनी सुरुंगाची कामं करणारा सिराजोद्दीन त्याचा कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर घेऊन आला, पश्चिमेच्या तळाला भोकं पाडून त्याने बार उडवले. मग तीन दिवस अवकाळी पाऊस झाला. पाऊस उघडल्यावर धर्मराज गाळ काढायला उतरला आणि पूर्वेची शिळा सुटली. तिच्यामागोमाग अर्धी कड आली. चांगुणाबाई तेव्हा वर बाभळीखाली भाकरी सोडत होती.

तिसऱ्या दिवशी, सावडून आल्यावर, तातेराव ओट्यावर बसून चारचौघांत म्हणाला, "सिराजोद्दीनचा बार जास्त झाला. दादाला त्याच्या बारानं मारलं." चांगुणाबाई आत भिंतीला टेकून बसली होती. तिने ऐकलं. तिच्या जिभेवर वाक्य आलं होतं, की खडक लागला असं मी सांगितलं होतं. ते तिथेच राहिलं. तिने खडक लागल्याचं सांगितलं त्या दिवशी तातेराव शेतावर नव्हता, बादलीवर जो गडी होता तो पुढे सुरतेला निघून गेला. म्हणजे ते वाक्य आता जगात फक्त तिच्याजवळ होतं. बोलायचा एक दिवस असतो. तो हुकला की तोंड उघडायला रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त बळ लागतं.

सिराजोद्दीनला त्यानंतर कोणी विहिरीवर बोलावलं नाही. त्याचा कॉम्प्रेसर दारात उभ्या उभ्या गंजला. शेवटी तो जाफराबाद–भोकरदन काळी-पिवळी जीप चालवायला लागला. पोलिसांनी अपघात म्हणून कागद बंद केले होते, पण गावाने केले नव्हते. त्याची जीप दिसली की चांगुणाबाई चपलेचा अंगठा तुटल्यासारखी खाली वाकायची.

आणि तेव्हापासून छिन्नी वाजली, की तिला तो प्रश्न ऐकू यायचा. भीतीदायक काही नाही, ओरडून नाही. शेजारच्या खोलीतून विचारावा तसा. काय म्हणतोय गं? कोणाच्याही घरात, कोणत्याही पाट्यावर. तिला उत्तर द्यावंच लागे, नाहीतर हात पुढे चालत नसे. बायकांना दिसत ते ओठ त्या उत्तराचे होते.

लेक तृप्ती वाटूरला दिलेली. ती फोनवर म्हणायची, "आई, ये ना इकडं राहायला." चांगुणाबाई उन्हाळ्यापुरतं नेमकं टाळायची. कारण दर वैशाखात तिला एक काम असे. रामरावांची ती विहीर पडीकच राहिली होती. पावसाळ्यात तिच्यात पाणी साठे, आणि मे महिन्यात पाणी उतरलं की तळातून ती शिळा वर येई. आधी टक्कल, मग खांदे. चांगुणाबाई कडेला बसून बघत राही. गोल, काळी, कुठे चीरही न गेलेली.

हेच तिला छळत होतं. तिने स्वतःला समजावलं होतं, की दगड जिता होता, जिता दगड पडत नसतो, म्हणजे बारानेच पाडला. रात्रीपुरतं हे पुरायचं. पण बाराने सुटलेल्या दगडाला तडे असतात, धारा असतात. हा मात्र हाताने वळल्यासारखा गोल होता. मग काय, दगड तिच्याशी खोटं बोलला? बापाने शिकवलेली एकच गोष्ट, आणि तीही खोटी? कधी कधी तिला वाटे, शिळेने जाणून-बुजून गोड आवाज काढला. अशा वेळी भर उन्हात तिच्या अंगावर काटा यायचा.

यंदाच्या मे महिन्यात ती अशीच बसली असताना पाठीला पिशवी लावलेली एक मुलगी शेतातून आली. तिचं नाव अर्पिता. विहिरींची पाणीपातळी मोजायचं काम तिच्याकडे होतं, त्यासाठी ती गावोगाव हिंडत होती. फीत खाली सोडून तिने आकडा टिपला आणि मग ढासळलेल्या पूर्वेच्या कडेकडे बघतच राहिली.

"मावशी, किती छान कापलं गेलंय हे. सगळे थर दिसतात."

छान हा शब्द त्या विहिरीला कोणी लावला नव्हता.

कड ढासळल्यामुळे तिथे उतार झाला होता. त्यावरून अर्पिता जपून दोन पावलं खाली गेली. मुरुमात आणखी तीन-चार गोल गोटे अर्धवट बाहेर आलेले होते. एकाला तिने नख लावलं. कांद्याची साल निघावी तसा पिवळसर पापुद्रा निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. चौथ्याला नख लागेना. आत काळा, घट्ट दगड होता.

"हे असं काहून?" चांगुणाबाईने विचारलं.

"मुळात हा सगळा एकच खडक होता, मावशी. मुरूमसुद्धा खडकच. थंड होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या, विटा रचल्यासारख्या. मग भेगांतून पाणी गेलं."

"पाण्यानं खडक जातो का कुठं?"

"नुसत्या पाण्यानं हळूच जातो. पण पावसाचं पाणी थोडं आंबट असतं. हवेतनं येताना आंबट होतं, मातीत मुळं कुजलेली असतात तिथं आणखी होतं. सोडावॉटर असतं ना, तसं, पण अगदी फिकं." तिने पिशवीतून लहान बाटली काढली आणि मुरुमातल्या पांढऱ्या चुनखडीवर एक थेंब टाकला. थेंब फसफसला.

"लिंबू पिळल्यावर खायचा सोडा फसफसतो, तसं," चांगुणाबाई म्हणाली. "लिंबाचा रस सांडला तर शहाबादी फरशीला बी डाग पडतो. निघत न्हाई."

"बरोबर. तो डाग नसतो, फरशी तेवढी विरघळलेली असते. तसंच इथं. खडकातला चुना पाण्याबरोबर निघून गेला आणि खाली असा साठला. लोखंडाला गंज चढला, म्हणून मुरूम तांबूस-पिवळा. बाकीच्याची झाली माती. तुमची काळी माती म्हणजे हाच खडक, पार कुजलेला."

"म्हंजी कापूस मेलेल्या दगडावर येतो म्हणा."

अर्पिता हसली. "म्हणा की. हजारो वर्षं लागतात पण."

"आन हे गोल काहून?"

"खडीसाखरेचा खडा तोंडात धरला की आधी काय जातं?"

"कोपरे."

"कारण कोपऱ्याला तिन्ही बाजूंनी पाणी लागतं. कोपरे गेले की खडा गोल होतो. ह्या विटांचंही तसंच झालं. चारी बाजूंनी कुजत गेल्या, मध्ये गाभा राहिला. गाभा अगदी ताजा, हातोडा मारला तर घंटेसारखा वाजेल. पण त्याला धरून ठेवणारं काही नाही. भोवती सगळा मुरूम. ओला झाला की सुटलाच."

चांगुणाबाईचा हात मातीवर टेकलेला होता, तो तिने उचलून मांडीवर ठेवला.

"त्यो खालचा?" तिने तळाकडे बोट केलं.

"तोही गाभाच. हे सगळं त्याचंच घर." अर्पिताने कडेतला मोठा गोल खळगा दाखवला. खळग्याच्या अंगाला पापुद्र्यांच्या कडा अजून दिसत होत्या. "कोणीतरी खडक समजून त्याच्याखाली खोदलं असणार. फार होतं असं."

मुलगी पुढच्या विहिरीकडे गेली. ऊन कलेपर्यंत चांगुणाबाई तिथेच होती. दगड खोटं बोलला नव्हता. तो जिताच होता. तिने त्याला एकट्याला विचारलं, त्याने त्याच्यापुरतं सांगितलं. तो कोणाच्या मांडीवर बसलाय, हे तिने विचारलंच नाही. छिन्नी वीतभर बाजूला नेली असती तर मेलेला मुरूम तिथेच बोलला असता. इतक्या वर्षांचं कोडं सुटलं, पण हलकं काही वाटेना. कोड्याच्या आडोशाला ती बसली होती, तो आडोसा गेला. बाराचा प्रश्नच उरला नाही. आता सिराजोद्दीनवरचं बालंट नुसत्या न बोलण्यानं चालू राहणार नव्हतं. आजपासून ते ती रोज नव्याने घालणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जाफराबादच्या जीपस्टँडवर गेली. सिराजोद्दीन टपावर दोरी आवळत होता. दाढी पांढरी झालेली. तिला बघून त्याने दोरी सोडली नाही.

"भोकरदन का, भाभी? अजून चार शिटं पायजेत."

"भोकरदनला न्हाई जायचं. तुमच्यासंगं बोलायचंय, सिराजभाई."

तो खाली उतरला. चांगुणाबाईने पदर नीट केला आणि उभ्या उभ्याच, एकही शब्द न गाळता सांगितलं. शिळा कुठे होती, आपण काय म्हणालो, धर्मराजने काय केलं. मग मुलीने दाखवलेले पापुद्रे. ती थांबल्यावर सिराजोद्दीन खाली बसला, धुळीत बोटाने एक गोल काढला.

"बराबर सांगा. शिळा कुठं?"

तिने बोट टेकवलं.

"ही पूर्व. माझी भोकं इथं, ह्या तळाला. सात." समोरच्या अंगाला त्याने सात टिंबं काढली. मग दोन्हींमधलं अंतर बघत राहिला. "रोज मोजतो मी. नमाजात बी मोजतो, तौबा. सात मारली का आठ मारली. एखाद्यात मसाला जादा गेला का. घरवाली अकबरबी म्हणती, झोपेत आकडे बोलता." त्याने पुन्हा पहिल्यापासून टिंबं मोजली. "मंग माझा नव्हता तो."

"न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

एक प्रवासी येऊन विचारू लागला, गाडी कधी सुटणार. सिराजोद्दीनने त्याला हातानेच दुसरी जीप दाखवली. मग चांगुणाबाईकडे न बघता म्हणाला, "अकरा साल, भाभी. माझ्या पोरीच्या सोयरिकीत बी लोकांनी हे काढलं."

तिने मान खाली घातली. माफ करा हा शब्द तिने वाटेत दहादा घोळवला होता, आता तो तिला लहान वाटला.

"मला सांगून काय होतंय?" तो म्हणाला. "ज्यानं म्हणलं त्याला सांगा. मी येतो. पण तिथं मी तोंड उघडणार न्हाई. तुम्ही बोलायचं."

जीपमध्ये ती मागच्या बाकड्यावर एकटीच बसली. तातेराव घरापुढे सोयाबीनच्या बियाण्याची पोती उन्हातून आत घेत होता. त्याची बायको दैवशाला हाताखाली होती. सिराजोद्दीनची जीप दारात थांबलेली बघून तातेराव ताठ झाला.

"वहिनी, ह्याच्या गाडीत?"

"बस खाली, तातेराव. सांगायचंय."

तो बसला नाही. ती उभ्यानेच बोलली. जीपस्टँडवर सांगितलं तेच, त्याच क्रमाने. पण तिचा आवाज वाटेतच कुठेतरी बसला होता, त्यामुळे काही शब्द तिला दोनदा म्हणावे लागले.

"तुमच्या डोक्याला ऊन लागलं, वहिनी," तातेराव म्हणाला. "कोण कुठली पोरगी येती, नख लावून दगड सोलती, आन तुम्ही—"

"पोरीचं राहू दे. खडक लागला असं मी म्हणलं का न्हाई, एवढंच ऐक. मी म्हणलं होतं."

"तवाच का न्हाई सांगितलं?"

"भ्याले."

"कोणाला?"

"तुला. सगळ्यायला. मला बी."

दैवशालाच्या हातातलं पोतं अर्धवट उचललेलं तसंच होतं. तातेराव तिच्यावर खेकसला, "उचल की." मग स्वतःच ते घेऊन आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. सिराजोद्दीन जीपला टेकून उभा होता. शब्द दिल्याप्रमाणे गप्प. दैवशालाने आतून तांब्या आणला, आधी जावेला दिला, मग क्षणभर दाराकडे बघून सिराजोद्दीनलाही दिला.

तातेराव चप्पल घालून आला. "चला. मला बघायचंय."

शेतात अजून लख्ख उजेड होता. तातेराव कोणाची वाट न बघता ढासळलेल्या उतारावरून खाली गेला. खळग्यापाशी त्याने कडेला हात लावला, पापुद्रे त्याच्या मुठीत आले. मुठीत चुरले. त्याने दुसऱ्या गोट्याला लाथ घातली. गोटा गरगरत तळाच्या डबक्यात गेला. मग तो आणखी खाली, थेट शिळेपाशी गेला. खिशातली किल्ली काढून त्याने ती शिळेवर मारली. आवाज वरपर्यंत आला, स्वच्छ. चांगुणाबाईने कान झाकले नाहीत. तातेराव मात्र शिळेवर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसूनच राहिला.

वर येताना उतार त्याला धरेना. पाय टाकला की मुरूम सुटून खाली जाई. दोनदा तो घसरून गुडघ्यावर आला. तिसऱ्यांदा वर बघितलं. वर कडेला दोघंच होते, आणि हात पुरेल असा एकच.

"सिराज," तो म्हणाला आणि हात वर केला.

सिराजोद्दीन हलला नाही. त्याने खाली बघितलं, मग समोरच्या पश्चिमेच्या अंगाला, जिथे त्याची सात भोकं होती तिथे. चांगुणाबाईला वाटलं, हा आता वळून जीपकडे जाणार. आणि गेला तरी त्याला बोलायला आपल्याकडे तोंड नाही.

मग त्याने एका पायाने बाभळीच्या बुंध्याला विळखा घातला, पालथा झाला आणि हात खाली दिला.

वर आल्यावर तातेराव धापा टाकत होता. कपडे झटकत तो सिराजोद्दीनला म्हणाला, "सात होती का भोकं?"

"सात. त्या अंगाला."

"दाखव."

दोघे विहिरीला वळसा घालून पलीकडे गेले. सिराजोद्दीन हात लांब करून दाखवू लागला, तातेराव मान हलवू लागला. मधूनच त्याचा आवाज चढे, मधूनच बंद होई. मग ते तसेच बोलत बांधावरून गावाकडे निघाले. चांगुणाबाई थोडं अंतर ठेवून मागून चालू लागली. दोघांपैकी कोणी तिला ये म्हणालं नाही, कोणी थांब म्हणालं नाही. पायाखाली काळी माती उन्हाने भेगाळलेली होती. ती भेगा चुकवत, बघून पाय टाकत गेली.